दूध फाटतं, तूप थिजतं, रक्त साकळतं. मग याच्या उलट काय होतं?

मराठीच्या पेपरात 'विरुद्धार्थी शब्द लिहा' हा प्रश्न हमखास दोन-चार मार्क देऊन जायचा. दिवस-रात्र, गोड-कडू, घट्ट-पातळ. पण तिथे 'साकळणे' किंवा 'विरजणे' आलं असतं, तर काय लिहिलं असतं?

बहुतेकांनी 'पातळ होणे' लिहिलं असतं. आता जरा स्वयंपाकघरात डोकावून बघा. फाटलेल्या दुधात पाणी घातलं की ते पातळ होतं, पण त्याचं पुन्हा दूध होत नाही. थिजलेलं तूप गरम केलं की ते पातळ होतं आणि पूर्वीसारखंही होतं. दही रवीने घुसळलं की ताक होतं, म्हणजे पातळ होतं, पण ते ना दूध राहतं ना दही. एकच शब्द, आणि त्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी.

हा फक्त भाषेचा खेळ असता तर सोडून देता आला असता. पण हाच शब्द दवाखान्यात गेला की गडबड होते. 'रक्त पातळ करायची गोळी' घेणारा माणूस आज आपल्या प्रत्येकाच्या नात्यात सापडतो. ती गोळी नेमकं काय करते, याबद्दल लोकांच्या डोक्यात जो गोंधळ असतो, त्याचं एक मूळ या 'पातळ' शब्दात आहे. म्हणून एकेक शब्द सोडवत जाऊ.

घट्ट होण्याचे किती प्रकार?

मराठीत घट्ट होण्याला एक शब्द नाही, डझनभर आहेत. आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

खीर आळते. बासुंदीचं दूध आटतं. दही विरजतं. खोबरेल तेल थंडीत थिजतं. पाणी गोठतं. रक्त साकळतं, कुणी साखळतं असंही म्हणतं. दूध नासतं किंवा फाटतं. कढी फुटते. पिठल्यात गुठळ्या होतात.

'आज तेल विरजलं' किंवा 'दूध थिजलं' असं म्हटलं तर कुणीही हसेल. कारण आपल्याला व्याख्या माहीत नसली तरी फरक माहीत असतो. आळण्यात पाणी कमी होतं किंवा पीठ-तांदूळ ते पाणी शोषून घेतात. थिजण्यात पदार्थ तोच राहतो, फक्त गार होऊन घट्ट होतो. विरजण्यात आणि नासण्यात आतली रचनाच बदलते. साकळण्यात वाहत्या पदार्थात जाळं तयार होतं.

आता गंमत अशी, की घट्ट होण्याचा प्रकार जसा, तसा त्याचा उलटा शब्दही वेगळा.

थिजणे आणि वितळणे: परतीचं तिकीट असलेला प्रवास

सगळ्यात सोपी जोडी ही. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंश सेल्सिअसच्या खाली थिजायला लागतं. म्हणूनच पुण्या-नाशिककडे डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते, आणि मुंबईत ती वेळ क्वचितच येते. तापमान वाढलं की तेल वितळतं, उतरलं की पुन्हा थिजतं. कितीही वेळा करा, तेल तेच राहतं.

बर्फ, तूप, मेण यांचंही तसंच. शाळेच्या पुस्तकातला 'गोठणबिंदू' आणि 'द्रवणांक' हे याच जोडीचे पोशाखी शब्द. 'द्रवणे' हा शब्द एरवी आपण मनासाठी राखून ठेवला आहे. माणसाचं मन द्रवतं, तूप मात्र वितळतं. भीतीने माणूस थिजतो किंवा गोठतो, पण भीती गेल्यावर तो 'वितळला' असं कुणी म्हणत नाही.

याच घराण्यात 'पाघळणे' आहे. उन्हात ठेवलेलं चॉकलेट पाघळतं, पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घेऊन गूळ पाघळतो. आणि थोडं गोड बोललं की लगेच मऊ पडणाऱ्या माणसालाही आपण 'पाघळला' म्हणतो.

आळणे आणि पातळ होणे: फक्त पाण्याचा हिशेब

आमटी आळली की आपण तिच्यात आधणाचं पाणी घालतो. इथे 'पातळ करणे' हा शब्द चपखल बसतो, कारण मामला फक्त पाण्याच्या प्रमाणाचा आहे. घट्ट, पळीवाढी, पातळ, पाणचट ही त्याच रेषेवरची स्टेशनं.

'पातळ' हा शब्द तसा दोन दिशांनी काम करतो. आमटी पातळ असते आणि पापडही पातळ असतो. एका ठिकाणी त्याचा विरुद्धार्थी 'घट्ट' किंवा 'दाट', दुसऱ्या ठिकाणी 'जाड'. अळूची पातळ भाजी ही 'सुक्या'च्या विरुद्ध असते, आणि जुन्या पिढीत तर नेसायच्या साडीलाही 'पातळ' म्हणतात. एवढी कामं करणाऱ्या शब्दाकडून नेमकेपणाची अपेक्षा ठेवणं अवघडच.

केस, जंगल, वस्ती, हवा यांच्या बाबतीत दाटच्या विरुद्ध 'विरळ' येतं. विज्ञानाच्या पुस्तकात त्याचाच भाऊ 'विरल' भेटतो. विरल आम्ल म्हणजे पाणी जास्त असलेलं, संहत आम्ल म्हणजे पाणी कमी असलेलं.

कढी फुटली की पातळ होते की घट्ट?

आता अवघड जोडीकडे येऊ. कढी फुटते तेव्हा ताकातले कण एकत्र येऊन रवाळ गोळे होतात आणि पाणी बाजूला होतं. म्हणजे एकाच भांड्यात अर्धा भाग घट्ट झाला आणि अर्धा पातळ. मग फुटण्याच्या उलट काय? 'पातळ होणे' नाही आणि 'घट्ट होणे'ही नाही.

याला आपल्या स्वयंपाकघराचा एक सुंदर शब्द आहे: 'मिळून येणे'. मिळून आलेल्या आमटीत डाळ आणि पाणी वेगळं दिसत नाही. ते वेगळं झालं तर तिचं चोथापाणी झालं.

कढी मिळून यावी म्हणून ताकाला बेसन लावतात. त्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि ताकातल्या प्रथिनांच्या कणांच्या मध्ये उभा राहतो. कणांना एकमेकांना चिकटायला वाट मिळत नाही. वर आपण कढी सतत ढवळत राहतो आणि जोराची उकळी येऊ देत नाही, त्यामुळे कणांना गोळा व्हायची संधी आणखी कमी मिळते.

दूध परत का येत नाही?

दुधात केसिन नावाच्या प्रथिनाचे सूक्ष्म पुंजके तरंगत असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे पुंजके वेगळे राहतात आणि दूध वाहतं. ताज्या दुधाचा सामू साधारण ६.६ ते ६.७ असतो. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि सामू खाली येऊ लागतो. तो ४.६ च्या आसपास आला की ढकलाढकली संपते, पुंजके एकमेकांना धरतात आणि दही लागतं. तापलेल्या दुधात लिंबू पिळलं की हेच झटक्यात होतं आणि पनीर मिळतं.

हे उलटवायचं तर नुसती उष्णता किंवा पाणी पुरत नाही. दही तापवलं तर ते आणखी फुटतं. घुसळलं तर दही 'मोडतं', म्हणजे जाळ्याचे तुकडे होतात, पण पुंजके पूर्वीसारखे सुटे होत नाहीत. ताक थोडा वेळ ठेवलं की घट्ट भाग खाली बसतो आणि वर निवळ येते, ती यामुळेच. 'मोडणे' हा विरजण्याचा त्यातल्या त्यात जवळचा विरुद्धार्थी. वस्तू पातळ होते, पण मागे जात नाही.

मग एकमेकांना धरून बसलेलं केसिन सुटं करायचा काहीच उपाय नाही का? दह्यासाठी घरगुती उपाय नाही, पण चीजच्या बाबतीत आहे. साधं चीज तापवलं की तेल वेगळं आणि चिवट गोळा वेगळा होतो. १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी त्यात सायट्रेट क्षार घालून पाहिले. चीजमधल्या केसिनला बांधून ठेवण्यात कॅल्शियमचा मोठा वाटा असतो. सायट्रेटने ते कॅल्शियम ओढून घेतलं आणि चीज एकजीव, गुळगुळीत वितळलं. आज घरोघरी येणारे प्रोसेस्ड चीजचे क्यूब याच कल्पनेवर बनतात.

हे सायट्रेट लक्षात ठेवा. थोड्या वेळाने ते रक्ताच्या पिशवीत भेटणार आहे.

निवळण्यातली गंमत

आणखी एक शब्द वाटेत येतो: 'निवळणे'. गढूळ पाणी निवळतं, आभाळ निवळतं, दोन घरांतला तणावही निवळतो. ऐकायला हा घट्ट होण्याच्या अगदी उलटा शब्द वाटतो.

पण पाणी निवळतं कसं, ते बघा. मातीचे बारीक कण ऋणभारित असतात, म्हणून एकमेकांपासून दूर तरंगत राहतात. तुरटी फिरवली की तिच्यातलं अॅल्युमिनियम तो भार मारून टाकतं. कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. गावाकडे यासाठी निवळीच्या झाडाच्या बियाही उगाळत. म्हणजे दुधात जे घडल्यावर आपण 'फाटलं' म्हणून चुकचुकतो, तसंच काहीसं गढूळ पाण्यात घडल्यावर आपण 'निवळलं' म्हणून खूश होतो. आत कण गोळा होणं हीच गोष्ट. आपल्याला हवं काय, गोळा की पाणी, यावर शब्द ठरतो.

वाक्प्रचारांतही हा घोळ आहे. उत्साहावर विरजण पडलं तरी वाईट आणि कष्टांवर पाणी फिरलं तरी वाईट. घट्ट करणारी वस्तू आणि पातळ करणारी वस्तू, दोन्ही नुकसानीच्या कामाला जुंपल्या आहेत.

आता रक्ताकडे

जखम झाली की आधी रक्तातल्या प्लेटलेट्स तिथे जमून बूच मारतात. मग रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाचे धागे बनतात, त्यांना फायब्रिन म्हणतात. या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि रक्त साकळतं. या साखळीत अनेक टप्पे असतात आणि बऱ्याच टप्प्यांना कॅल्शियम लागतं.

म्हणूनच रक्तदानाच्या पिशवीत आधीच सायट्रेट घातलेलं असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि रक्त साकळत नाही. १९१४ मध्ये बेल्जियमचे आल्बेर हुस्तिन आणि अर्जेंटिनाचे लुईस अगोते यांनी ही पद्धत माणसावर वापरली. त्याआधी रक्तदाता आणि रुग्ण शेजारी-शेजारी असावे लागत, कारण बाहेर काढलेलं रक्त काही मिनिटांत साकळायचं. आज योग्य द्रावणात आणि थंडीत ठेवलेल्या लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस वापरता येतात. चीज गुळगुळीत करणारा क्षार आणि रक्तपेढी चालवणारा क्षार एकाच कुळातला आहे.

आता नीट बघा. सायट्रेट घातलेलं रक्त पाण्यासारखं पातळ होतं का? नाही. रक्त पाण्यापेक्षा साधारण तीन ते चार पट घट्ट असतं, आणि तो दाटपणा मुख्यतः लाल पेशींमुळे असतो. त्या पेशी तिथेच असतात. फक्त जाळं विणण्याचं काम थांबलेलं असतं.

'रक्त पातळ करायची गोळी' हेच करते. इंग्रजीतल्या 'ब्लड थिनर'चं आपण शब्दशः भाषांतर केलं, आणि तो मूळ शब्दच फसवा होता.

दुधाच्या कॅनमधलं रक्त

या गोळ्यांपैकी एक जुनी आणि प्रसिद्ध म्हणजे वॉरफरिन. तिची कथा गोठ्यात सुरू होते. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली. कारण निघालं बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी भर बर्फवादळात मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेलं, साकळायला तयार नसलेलं रक्त घेऊन विद्यापीठात पोचला. तिथल्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९३९ मध्ये चाऱ्यातला दोषी पदार्थ वेगळा केला. त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं.

वॉरफरिन यकृताला के जीवनसत्त्व पुन्हा-पुन्हा वापरू देत नाही. त्यामुळे साकळायला लागणारे काही घटक नीट तयार होत नाहीत. आधीच रक्तात असलेले घटक संपायला वेळ लागतो, म्हणून गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं. म्हणून वॉरफरिन घेणाऱ्यांना डॉक्टर भाज्या बंद करायला सांगत नाहीत, प्रमाण सारखं ठेवायला सांगतात. गोळीचा डोस आयएनआर नावाच्या रक्त तपासणीवर ठरतो. सर्वसाधारण माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो. वॉरफरिन घेणाऱ्या अनेक रुग्णांत तो २ ते ३ दरम्यान ठेवतात.

अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या वेगळ्या जागी काम करतात. त्या प्लेटलेट्सना एकमेकांना चिकटू देत नाहीत. बोलताना मात्र या सगळ्यांना आपण 'पातळ करायची गोळी' म्हणून मोकळे होतो.

एका शब्दामुळे होणारे तीन गोंधळ

पहिला गोंधळ: 'माझं रक्त पातळ झालंय, म्हणून अशक्तपणा आहे.' अशक्तपणा येतो तो हिमोग्लोबिन कमी झालं की. त्याला फार तर 'रक्त विरळ झालं' म्हणता येईल. गोळी हिमोग्लोबिन कमी करत नाही. पण गोळी चालू असताना आत कुठे नकळत रक्तस्राव होत असेल, तर ते कमी होऊ शकतं. म्हणून असा अशक्तपणा आला तर स्वतःच गोळी सोडायची नाही. काळी शौच, लघवीतून किंवा हिरड्यांतून रक्त, कारण नसताना अंगावर निळे डाग, यांपैकी काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

दुसरा गोंधळ: 'पाणी जास्त प्यायलं, लसूण खाल्ली, की रक्त पातळ होतं, मग गोळी कशाला?' पुरेसं पाणी पिणं चांगलंच. पण पाण्याने फायब्रिनचं जाळं विणायचं थांबत नाही, आणि लसणीचा परिणाम गोळीची जागा घेण्याइतका भरवशाचा नाही. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या माणसाने या समजुतीवर गोळी सोडली, तर गुठळी मेंदूपर्यंत जाऊ शकते.

तिसरा गोंधळ सगळ्यात महाग पडतो: 'गोळी चालू आहे, म्हणजे गाठ विरघळेल.' साकळू न देणं आणि साकळलेलं विरघळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पायाच्या शिरेत गुठळी झाली तर गोळी ती वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही. असलेली गुठळी हळूहळू शरीरच विरघळवतं. त्यासाठी आपल्याकडे प्लाझ्मिन नावाचं विकर असतं, ते फायब्रिनचे धागे कापत जातं. यालाच साकळण्याची खरी उलटी क्रिया म्हणता येईल, आणि तिला आठवडे-महिने लागतात.

जिथे खरंच विरघळवावं लागतं

मेंदूच्या किंवा हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर आठवडे थांबता येत नाही. तिथे प्लाझ्मिनला जोरात कामाला लावणारं इंजेक्शन देतात. यातलं जुनं स्ट्रेप्टोकायनेज. १९३३ मध्ये विल्यम टिलेट यांना दिसलं की घशात संसर्ग करणारे काही जिवाणू फायब्रिनची गुठळी विरघळवतात. त्यातून हे औषध आलं. आता अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज ही त्याच कामाची नवी औषधं वापरतात.

लकव्यात हे इंजेक्शन सर्वसाधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि त्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो. कारण काही लकवे गुठळीमुळे होतात, तर काही मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्यामुळे. फुटलेल्या वाहिनीत विरघळवणारं औषध गेलं तर जीव जाऊ शकतो. म्हणूनच तोंड वाकडं झालं, हात उचलता येईना, बोबडी वळली, तर घरच्या घरी 'रक्त पातळ करायला' अॅस्पिरिन देऊ नका. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा आणि थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. तिथे पोचल्यावर रुग्णाला आधीपासून कुठली गोळी चालू आहे, हे नावासकट सांगा. 'रक्त पातळ व्हायची कसली तरी' एवढ्यावर डॉक्टरांना निर्णय घेता येत नाही.

मग विरुद्धार्थी शब्द कोणता?

एका ओळीत उत्तर हवं असेल, तर ते असं. थिजण्या-गोठण्याच्या उलट वितळणं. आळण्याच्या उलट पातळ होणं. फुटण्याच्या उलट मिळून येणं. विरजण्याच्या उलट फार तर मोडणं. साकळण्याच्या उलट विरघळणं. आणि साकळूच न देणं हे या सगळ्यांहून वेगळं काम, ज्याला बोली मराठीत अजून सुटसुटीत नाव नाही. 'गुठळी न होऊ देणारी गोळी' हे जरा लांबलचक वाटेल, पण खरं आहे.

घरात कुणाला अशी गोळी चालू असेल, तर तिचं नाव, डोस आणि ती कशासाठी आहे हे एका कागदावर लिहून पाकिटात किंवा मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवायला सांगा. दात काढायला जाताना, ऑपरेशनआधी किंवा नवीन वेदनाशामक घेण्याआधी तोच कागद डॉक्टरांपुढे ठेवायचा.